विधिग्राह्य बिटकॉइन

विधिग्राह्य बिटकॉइन : बिटकॉइन या कूटचलनाला सार्वभौम देशाने कायद्याने दिलेला विधिग्राह्य चलनाचा, म्हणजे देणे फेडण्यासाठी कायद्याने मान्य असलेल्या पैशाचा दर्जा. असा दर्जा आजवर दोनच देशांनी दिला. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोरमध्ये तो ७ सप्टेंबर २०२१ रोजी अमलात आला आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाने एप्रिल २०२२ मध्ये त्याचे अनुकरण केले. आफ्रिकी देशाने वर्षभरात माघार घेतली. एल साल्वादोरने जानेवारी २०२५ मध्ये कायदा दुरुस्त करून त्यातली सक्ती काढून टाकली. इतर देशांनी बिटकॉइनच्या खरेदीविक्रीला परवानगी दिली, त्यावर कर बसवले किंवा बंदी घातली. पण त्याला आपल्या रुपया-डॉलर-येनच्या पंक्तीला बसवले नाही. जपानने २०१७ मध्ये कूटचलनाला देवघेवीचे साधन म्हणून कायद्यात जागा दिली, तेव्हा ‘जपानमध्ये बिटकॉइन अधिकृत चलन’ अशा बातम्या जगभर छापल्या गेल्या. त्या चुकीच्या होत्या.

विधिग्राह्यतेचा अर्थ अनेकदा ढिलेपणाने घेतला जातो. एखादी वस्तू बाळगणे वा विकणे कायदेशीर असणे वेगळे आणि तीच वस्तू कर्जफेडीत पुढे केल्यावर धनकोला नाकारता न येणे वेगळे. भारतात रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ च्या कलम २६ नुसार बँकनोट तिच्यावर लिहिलेल्या रकमेइतकी देशात कोठेही विधिग्राह्य असते. नाण्यांना २०११ च्या नाणे अधिनियमाने मर्यादा घातली आहे : एक रुपया व त्यावरची नाणी १,००० रुपयांपर्यंत, पन्नास पैशांचे नाणे १० रुपयांपर्यंत. या दर्जाची ताकद किती, हे दहा रुपयांच्या नाण्याने दाखवून दिले. नाणे पूर्ण विधिग्राह्य, तरी ते खोटे असल्याची अफवा पसरली आणि गावोगावी दुकानदार ते परत करू लागले. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावे लागले की या नाण्याच्या चौदाही घडणी चालतात. त्यानंतरही कित्येक ठिकाणी ते नाणे सहज खपेना. पाठीशी सरकार, टांकसाळ आणि मध्यवर्ती बँक असलेल्या नाण्याची ही स्थिती.

बिटकॉइनच्या पाठीशी यांपैकी कोणीच नाही. किंबहुना ते मुद्दाम तसे घडवले आहे. सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या व्यक्तीने किंवा गटाने जानेवारी २००९ मध्ये ही प्रणाली सुरू केली. कमाल संख्या २ कोटी १० लाख, नवी नाणी किती वेगाने येणार ते आधीच ठरलेले, आणि त्यात फेरफार करण्याचा अधिकार कोणत्याही एका संस्थेकडे नाही. नोटेवर रक्कम छापलेली असते. बिटकॉइनची किंमत मात्र बाजारात क्षणाक्षणाला ठरते. अशा वस्तूला विधिग्राह्य करणारे सरकार, जिचा पुरवठा आणि मोल दोन्ही आपल्या हातात नाहीत ती नागरिकाने घेतलीच पाहिजे, असे फर्मावत असते.

एल साल्वादोर हा सुमारे साठ लाख वस्तीचा देश. तेथील कोलोन हे चलन जानेवारी २००१ पासून मागे पडले; ८.७५ कोलोनला एक डॉलर असा दर कायमचा बांधून अमेरिकी डॉलर आणला गेला. त्यामुळे महागाई आटोक्यात राहिली, पण चलन छापण्याचा आणि व्याजदर ठरवण्याचा अधिकार गेला. अमेरिकेत राबणारे साल्वादोरी घरी जो पैसा पाठवतात तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे पाव हिस्सा भरतो. राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांनी ५ जून २०२१ रोजी मायामीतील बिटकॉइन परिषदेत चित्रफितीद्वारे आपला बेत जाहीर केला. काही दिवसांतच, ८ जूनच्या रात्री सुरू झालेल्या बैठकीत विधानसभेने ८४ पैकी ६२ मतांनी कायदा मंजूर केला. देशाचा पैसा बदलणाऱ्या कायद्यावर जाहीर चर्चेला आठवडाही मिळाला नाही, हा या प्रयोगाचा पहिला आणि सर्वांत गंभीर दोष होय. अंमलबजावणीच्या सुमारास मध्य अमेरिकी विद्यापीठाच्या (‘उका’) लोकमत संस्थेने केलेल्या पाहणीत सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी या निर्णयाला विरोध नोंदवला होता.

कायदा अवघ्या सोळा कलमांचा. ती कलमे शेजारीशेजारी ठेवून वाचली की प्रयोगाचे भवितव्य त्यातच दिसते. कलम ७ नुसार वस्तू वा सेवा विकणाऱ्या प्रत्येकाने, ग्राहकाने दिल्यास, बिटकॉइन घेतलेच पाहिजे. ज्यांच्याकडे तंत्रसाधने नाहीत त्यांना कलम १२ ने सूट दिली. कलम ४ ने कर बिटकॉइनमध्ये भरण्याची मुभा दिली. पण कलम ६ म्हणते की हिशेबासाठी संदर्भचलन डॉलरच राहील, आणि कलम ८ नुसार मिळालेले बिटकॉइन लगोलग डॉलरमध्ये बदलून देण्याची सोय सरकार करील. पगार आणि निवृत्तिवेतन डॉलरमध्येच मिळेल, अशी ग्वाही बुकेले यांनी स्वतः दिली. म्हणजे किंमत डॉलरमध्ये मोजायची, पगार डॉलरमध्ये घ्यायचा, बचत डॉलरमध्ये ठेवायची आणि अध्येमध्ये क्षणभर बिटकॉइन हाताळायचे. पैसा ज्या मापाने मोजला जातो ते माप बदलले नाही तर पैसाही बदलत नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी ते माप डॉलरकडेच राहू दिले.

कायदा राबवण्यासाठी सरकारने ‘चिवो’ नावाचे मोबाइल पाकीट काढले, नोंदणी करणाऱ्या प्रत्येक नागरिकाला ३० डॉलरचे बिटकॉइन फुकट दिले, देशात बिटकॉइन बदलून देणारी सुमारे २०० यंत्रे बसवली आणि डॉलर-बदलाच्या हमीसाठी १५ कोटी डॉलरचा न्यास उभारला. पहिल्याच दिवशी पाकीट कोलमडले आणि बिटकॉइनचा भावही घसरला. त्याहून वाईट गोष्ट नंतर उघड झाली. शेकडो लोकांनी नोंदणी करायला गेल्यावर पाहिले की त्यांच्या ओळखपत्राच्या क्रमांकावर कोणीतरी आधीच खाते उघडून ३० डॉलर नेले आहेत. या तक्रारी क्रिस्तोसाल या मानवी हक्क संघटनेकडे पोहोचल्या. १५ सप्टेंबर २०२१ रोजी, मध्य अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला, राजधानी सान साल्वादोरमध्ये मोर्चा निघाला आणि त्यात चिवोचे एक केंद्र जाळले गेले.

लोकांनी काय केले याचा सर्वांत विश्वासार्ह लेखाजोखा फर्नांदो आल्वारेस, दाविद आर्खेंते आणि डायना व्हान पॅटन या अर्थशास्त्रज्ञांनी १,८०० कुटुंबांच्या पाहणीतून मांडला. चिवो अनेकांनी उतरवून घेतले, पण बहुतेकांनी ३० डॉलर खर्च केल्यावर ते पुन्हा उघडले नाही. दुकाने व उद्योगांपैकी बिटकॉइन घेणारे सुमारे २० टक्के होते. ज्यांचे बँकेत खाते नाही अशा गरिबांसाठी ही योजना, असे सांगितले गेले होते. प्रत्यक्षात ती वापरणारे मुख्यतः तरुण, शिकलेले, खातेदार पुरुष निघाले. उकाच्या पुढच्या पाहणीत २०२३ साली बिटकॉइन एकदाही न वापरलेल्यांचे प्रमाण ८८ टक्के आढळले.

परदेशातून येणाऱ्या पैशाच्या बाबतीतली निराशा अधिक बोलकी आहे, कारण कायद्याचे मुख्य समर्थन तेच होते. दलालीपोटी जाणारे वर्षाला ४० कोटी डॉलर वाचतील, असे बुकेले म्हणत. पण कूटचलनाच्या पाकिटांतून आलेला पैसा एकूण रकमेच्या दोन टक्क्यांच्या आतच राहिला. लॉस एंजेलिसमध्ये मजुरी डॉलरमध्ये मिळते आणि एल साल्वादोरमधल्या सान मिगेलमध्ये आईला किराणा डॉलरमध्येच भरायचा असतो. मध्ये बिटकॉइन घातले तर दोनदा बदल आणि वाटेतल्या चढउताराची जोखीम, एवढेच हाती लागते. ज्या देशांत चलन वेगळे आहे तेथे हा युक्तिवाद निदान तपासून पाहण्याजोगा ठरला असता. डॉलरच वापरणाऱ्या देशात तो पाया नसलेला होता.

जोखीम खरी होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९,००० डॉलरवर असलेले बिटकॉइन वर्षभरात १६,००० च्या खाली आले आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याने एक लाखाचा टप्पा ओलांडला. सरकारने विकत घेतलेल्या साठ्यावर पुढे कागदोपत्री मोठा नफा दिसू लागला आणि समर्थक त्याकडे बोट दाखवतात. साठ्याचा नफा खरा असला तरी तो गुंतवणुकीचा नफा आहे. रोजच्या भाजीपाल्यासाठी वापरायच्या पैशाची किंमत चौपट झाली तरी ते चलनाचे अपयशच. एक अब्ज डॉलरचे ‘ज्वालामुखी रोखे’ आणि कोंचाग्वा ज्वालामुखीच्या पायथ्याशी ‘बिटकॉइन नगर’ या नोव्हेंबर २०२१ मधील घोषणांपैकी रोखे कधी निघाले नाहीत आणि नगर उभे राहिले नाही.

माघारीचे कारण कर्जाची गरज हे होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जानेवारी २०२२ मध्येच विधिग्राह्यता काढण्याचा आग्रह धरला होता. डिसेंबर २०२४ मध्ये १.४ अब्ज डॉलरच्या कर्जावर प्राथमिक सहमती झाली आणि २९ जानेवारी २०२५ रोजी विधानसभेने ५५ विरुद्ध २ मतांनी कायदा दुरुस्त केला. बिटकॉइन घेणे ऐच्छिक झाले, कर केवळ डॉलरमध्ये भरायचे ठरले आणि चिवोतील सरकारी सहभाग आवरता घेण्याचे मान्य झाले. कायद्याचे नाव राहिले. कलम ७ चे सक्तीचे बळ गेले.

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाची कथा अधिक क्लेशकारक आहे. यादवीने पोखरलेला, वीज आणि इंटरनेट बहुसंख्यांपर्यंत न पोहोचलेला हा देश. राष्ट्राध्यक्ष फोस्तँ-आर्कांज तुआदेरा यांच्या सरकारने एप्रिल २०२२ मध्ये बिटकॉइनला सीएफए फ्रँकच्या बरोबरीचा दर्जा दिला. सीएफए फ्रँक युरोला बांधलेला असून सहा देशांची सामाईक मध्यवर्ती बँक तो काढते. त्या बँकेला न विचारता घेतलेला हा निर्णय चलनसंघाच्या कराराशी विसंगत होता आणि बँकेने तसा आक्षेप घेतला. जुलैमध्ये सरकारने ‘सांगो’ हे स्वतःचे कूटनाणे विक्रीस काढले. ६०,००० डॉलरची नाणी तारण ठेवणाऱ्या परकीयाला नागरिकत्व मिळणार होते. नागरिकत्वाला बाजारभाव नसतो, या भूमिकेतून घटनात्मक न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये ही योजना घटनाबाह्य ठरवली. सांगोची विक्री अगदी थोडी झाली. मार्च २०२३ मध्ये संसदेने बिटकॉइनची विधिग्राह्यता मागे घेतली. ज्या घरात दिवा लागत नाही तेथल्या माणसाला मोबाइलमधील नाणे स्वीकारण्याचे बंधन घालणारा हा कायदा कोणासाठी केला होता, याचे समाधानकारक उत्तर सरकारने दिले नाही.

पॅसिफिकमधील मार्शल बेटांनी २०१८ मध्ये बिटकॉइन नव्हे तर ‘सॉव्ह’ हे स्वतःचे कूटचलन डॉलरसोबत विधिग्राह्य करण्याचा कायदा केला. देशातील बँकेचे अमेरिकेशी असलेले व्यवहार तुटतील, असा इशारा नाणेनिधीने दिला आणि सॉव्ह निघालाच नाही.

या तिन्ही देशांत एक समान धागा आहे. एल साल्वादोर आणि मार्शल बेटे डॉलर वापरतात, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक सामाईक फ्रँक. तिघांकडेही केवळ स्वतःचे असे चलन नाही. म्हणून कूटचलन स्वीकारताना त्यांना चलनविषयक सार्वभौमत्व गमवावे लागत नव्हते. ते आधीच दुसऱ्याच्या हाती होते, आणि कूटचलनामुळे ते परत येईल अशी आशा दाखवता येत होती. ज्यांची मध्यवर्ती बँक सक्षम आहे त्यांना हा सौदा परवडत नाही. मंदीत पैशाचा पुरवठा वाढवणे, बुडत्या बँकेला शेवटचा आधार देणे, सरकारी तूट स्वतःच्या चलनात भागवणे ही साधने ते सहजासहजी सोडणार नाहीत. त्यामुळे आणखी कोणी हे पाऊल उचललेच तर तो डॉलर, युरो किंवा शेजाऱ्याच्या चलनावर चालणारा, कर्जबाजारी आणि छोटा देश असण्याची शक्यता अधिक. आणि त्याच्या वाटेत नाणेनिधीची कर्जअट उभी असेल.

इतर काही देशांनी दुसरा मार्ग धरला : आपलेच चलन अंकीय रूपात काढण्याचा. बहामाने ऑक्टोबर २०२० मध्ये ‘सँड डॉलर’ आणला, नायजेरियाने २०२१ मध्ये ई-नायरा. चीनने अंकीय युआन पसरवला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये कूटचलनाचे सगळे व्यवहार अवैध ठरवले. भारतात रिझर्व्ह बँकेचा किरकोळ ई-रुपया १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईसह चार शहरांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. तो विधिग्राह्य आहे, कारण २०२२ च्या वित्त अधिनियमाने बँकनोटेच्या व्याख्येत अंकीय रूपाचा समावेश केला.

भारतातील बिटकॉइनची स्थिती मात्र वारंवार चुकीची सांगितली जाते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना कूटचलन व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी तो प्रमाणाबाहेरचा म्हणून रद्द केला. या निकालाने बिटकॉइन चलन झाले नाही, त्याचा व्यापार करणाऱ्यांना बँकेचे दार उघडले इतकेच. २०२२ च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर एक टक्का उद्गम करकपात बसवली. कर आकारला म्हणजे मान्यता दिली असे नव्हे, हे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी राज्यसभेत स्पष्ट केले होते.

एका देशाच्या कायद्याचे पडसाद इतरत्रही उमटले. एखाद्या सार्वभौम देशाचे चलन ते ‘परकीय चलन’, अशी व्याख्या अनेक देशांच्या कायद्यांत आहे. त्यामुळे एल साल्वादोरनंतर बिटकॉइन डॉलर-युरोसारखे परकीय चलन ठरेल काय, असा पेच उभा राहिला. ऑस्ट्रेलियाने २०२२ मध्ये करकायद्यापुरते ते परकीय चलन नाही असे जाहीर केले. अमेरिकेतील एकरूप व्यापारी संहितेत त्याच वर्षी ‘पैसा’ची व्याख्या दुरुस्त झाली, ती याच कारणाने.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने जप्त केलेल्या बिटकॉइनचा राष्ट्रीय साठा करण्याचा आदेश काढला आणि भूतान आपल्या जलविद्युतेवर संगणक चालवून नवी बिटकॉइन मिळवतो (खनन) आणि त्यांचा साठा बाळगतो. हे निर्णय विधिग्राह्यतेच्या दिशेने टाकलेली पावले म्हणून सांगितले जातात, पण सरकारने तिजोरीत काय ठेवावे हा वेगळा प्रश्न आहे. सोने कित्येक मध्यवर्ती बँकांकडे आहे, तरी त्याचा तुकडा देऊन कोणी बसचे तिकीट काढत नाही. देवघेवीच्या क्षेत्रात सध्या डॉलरला बांधलेली स्थिर कूटनाणी पुढे आहेत. त्यांच्यासाठी अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये कायदा केला, आणि त्यांनाही विधिग्राह्य चलनाचा दर्जा दिलेला नाही.