हरवलेल्या नावाचे संग्रहालय

शिकागोच्या पुलमन वस्तीत १९९५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नावाने एक संग्रहालय स्थापन झाले. पुलमन कंपनीच्या आगगाड्यांत उतारूंचे बिछाने घालणाऱ्या, बूट पुसणाऱ्या कृष्णवर्णीय सेवकांचा इतिहास तेथे जतन केला आहे. कंपनीचा संस्थापक जॉर्ज पुलमन; म्हणून उतारू प्रत्येक सेवकास 'जॉर्ज' अशीच हाक मारीत. गुलामाला धन्याच्या नावाने ओळखण्याचीच ही रीत!

१९२५ साली रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली सेवकांचा संघ उभा राहिला. बारा वर्षांच्या झुंजीनंतर, १९३७ साली, कंपनीस करार करावा लागला. वेतन वाढले, महिन्याचे काम ४०० तासांवरून २४० तासांवर आले. परंतु आईबापांनी ठेवलेल्या नावाने जगाने आपणांस ओळखावे, ही आसही त्या लढ्यात वेतनाइतकीच खरी होती.