मिनारा मशिदीसमोर सांदण शोधताना

मुंबईच्या मोहम्मद अली रोडवरची रमजानची खाऊगल्ली मी वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत पाहिली नव्हती. आमचं गाव वरसे, रोह्याला लागून. रमजानमध्ये इफ्तार घरी, तरावीह गावात, मुंबईला जायचं ते कामापुरतं. यंदा मामेभावाने हट्टच धरला, म्हणून रोह्याहून दिव्याला आणि तिथून लोकलने मस्जिद स्थानकाला पोचलो. रोजा त्याच्या घरी सोडला आणि रात्री मिनारा मशिदीच्या गल्लीत शिरलो.

दिव्यांच्या माळा, शिगेवरच्या कबाबांचा धूर, कढईएवढे मालपुवे, मातीच्या वाट्यांतली फिरनी, नल्ली निहारीच्या हंड्या. गर्दीत निम्मे तरी बिगरमुस्लिम असावेत. पुण्याहून आलेली कॉलेजची मुलं आमच्या टेबलावर बसली होती. एकमेकांच्या ताटात हात घालून खाणारी ती गर्दी पाहून बरं वाटलं. आजच्या दिवसांत ही गोष्ट लहान नाही.

त्यातला एक मुलगा म्हणाला, "काका, तुमच्याकडे रोज असंच मुघलाई असतं ना?"

मी हसलो. आमच्या घरात निहारी कधी शिजलीच नाही. आमच्याकडे तांदळाची भाकरी, नारळाच्या रसातली मासळी आणि ईदला मटणाच्या रश्शाबरोबर सांदण. फणसाचं गोड सांदण वेगळं, हे तांदूळ वाटून, आंबवून, वाफवलेलं. गोव्याच्या ख्रिस्ती घरातल्या सान्नांचं ते भावंड. मी एका गाडीवाल्याला विचारलं, सांदण मिळेल का? तो म्हणाला, "कोकणी आयटम इधर नहीं चलता, चाचा."

ते वाक्य मनातून गेलं नाही. मुसलमान म्हटलं की मुघल, आणि मुसलमानाचं जेवण म्हटलं की मुघलाई, हे समीकरण इतरांनी केलं आणि आपणही मान्य करून टाकलं. इतिहास काय सांगतो?

आमची कुंडलिका नदी रोह्यावरून वाहत रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. तिथेच चौल. अरब लेखक त्याला सैमूर म्हणत. इ.स. 916 च्या सुमारास बगदादचा अल-मसूदी तिथे आला होता. त्याला तिथे सुमारे 10,000 मुसलमान आढळले. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आणि या मातीतच जन्मलेलेही. राजा होता शिलाहार झंझ. मुसलमानांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे. बाबर पानिपतला जिंकला 1526 मध्ये. म्हणजे कोकणातला मुसलमान त्याच्या सहाशे वर्षं आधी, हिंदू राजाच्या राज्यात, व्यापार करून भात खात होता. तो तलवारीबरोबर आला नाही, गलबतातून आला. बायका इथल्या, तांदूळ इथला, नारळ इथला. त्यातून आमची चूल उभी राहिली.

आणि ज्याला मुघलाई म्हणतात तेही कुठे निव्वळ मुघलांचं आहे? मालपुव्याचा पूर्वज 'अपूप' ऋग्वेदात आहे. समोसा दिल्लीच्या सुलतानाच्या पंगतीत होता असं इब्न बतूता 14 व्या शतकात लिहितो, तेव्हाही मुघल यायचे होते. गहू आणि मांस घोटून केलेली हरीसा 10 व्या शतकातल्या बगदादच्या पाककृतींच्या ग्रंथात सापडते. आमचा मोहरममधला खिचडा तिच्याच घराण्यातला. कबाबावरची लाल मिरची तर अमेरिकेची. ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली, आणि त्याच पोर्तुगीजांनी 1521 मध्ये चौलला किल्ला बांधायला घेतला. एका ताटात इतकी बंदरं असतात. त्यावर एकाच घराण्याची पाटी लावणं इतिहासाला धरून नाही.

त्या मुलाला मी पोपटीबद्दल सांगितलं. थंडीत आमच्याकडे वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी मडक्यात भरतात, भांबुर्ड्याचा पाला कोंबतात, मडकं पालथं घालून भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब नाही. लहानपणी शेजारच्या शेतात पोपटी लागली की कोंबडी आमच्या घरून जायची, म्हणजे सगळ्यांनाच खाता यावी. शेंगा त्यांच्या, मडकं कुणाचंही. त्यावर कुणी कधी भाषण केलं नाही. त्या मुलाने मोबाईलमध्ये 'पोपटी' लिहून घेतलं.

गाडीवाल्यावर माझा राग नाही. जे खपतं ते तो विकतो. पण आपण आपलं सांगितलंच नाही, तर खपणार कसं? दादी गेली तेव्हा तिच्या सांदणाचं माप कुणी लिहून ठेवलं नव्हतं. "हाताला कळतं," एवढंच ती म्हणायची. आता आमच्या घरात ते करणारी एकटी फुफी उरली आहे. ईदला मी तिच्याजवळ वही घेऊन बसणार आहे. तुमच्याही घरात अशी कुणी असेल, तर तुम्हीही बसा.