नाण्यांची साफसफाई आणि संग्राह्य मूल्य

जुन्या नाण्यावरील काळेपणा, मळ किंवा कळंक घासून अथवा रसायनाने काढून टाकण्याच्या क्रियेस नाण्यांची साफसफाई म्हणतात. नाणेसंग्राहकांच्या व्यवहारात ही क्रिया, तसेच मुलामा देणे, झिजलेला तपशील पुन्हा कोरणे, कृत्रिम रंग आणणे हे पृष्ठभागावरील फेरफार दोष मानले जातात. अशा नाण्याची किंमत त्याच प्रतीच्या अस्पर्श नाण्यापेक्षा बहुधा कमी येते आणि झालेली हानी भरून काढता येत नाही.

मूळ चकाकी

टांकसाळीत साच्याच्या दाबाखाली धातू मध्याकडून कडेकडे सरकतो व पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. न वापरलेले नाणे प्रकाशात तिरपे धरून फिरविल्यास या रेषांमुळे चाकाच्या आऱ्यांसारखे प्रकाशपट्टे फिरताना दिसतात. हीच टांकसाळी चकाकी होय. घासण्याने या रेषा झिजतात व त्यांच्या जागी बारीक ओरखडे येतात. घासलेले नाणे चकचकीत दिसते खरे, परंतु हे पट्टे त्यावर फिरत नाहीत. स्थिर छायाचित्रात हा फरक सहसा लक्षात येत नाही.

चांदीवरील काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. हवेतील गंधकाच्या संयुगांशी नाण्यातील चांदीचाच संयोग होऊन तो बनतो. त्यामुळे आम्लयुक्त द्रावणात बुडवून तो विरघळविल्यास नाण्याचा सर्वांत वरचा पापुद्राही त्याबरोबर जातो. वारंवार बुडविलेले नाणे पांढरे पण निस्तेज दिसते. खाण्याचा सोडा व ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याच्या घरगुती पद्धतीत सल्फाइडचे पुन्हा चांदीत रूपांतर होते, तरीही मूळ चकाकी परत येत नाही.

महाराष्ट्रातील आढळ

देवघरातील चांदीचे रुपये लक्ष्मीपूजनापूर्वी घासण्याची रीत अनेक घरांत असल्याने व्हिक्टोरिया राणी व पंचम जॉर्ज यांच्या काळातील रुपये पुष्कळदा घासलेल्या अवस्थेत मिळतात. या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम असून त्यात ९१.७ टक्के चांदी असते. त्यामुळे सर्वसामान्य वर्षाच्या, वापरून झिजलेल्या रुपयाच्या किमतीला चांदीच्या भावाचा आधार राहतो आणि साफसफाईने होणारे नुकसान मर्यादित असते. दुर्मीळ वर्षाच्या किंवा न वापरलेल्या रुपयाची गोष्ट वेगळी. तेथे किमतीचा मोठा भाग पृष्ठभागाचाच असतो. दागिन्यासाठी कडी जोडलेल्या रुपयावर कडी काढल्यानंतरही डाक व कानशीचा व्रण राहतो, आणि तोही दोषच समजला जातो.

तांब्याची शिवराई चिंचेने घासल्यास तिचा तपकिरी थर जाऊन अनैसर्गिक गुलाबी-नारिंगी रंग येतो. झिजलेल्या शिवराईवरील ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे खोलगट भागातील गडद थरामुळे वाचता येतात. तो थर गेल्यावर वाचन अवघड होते, म्हणजे हानी केवळ किमतीची नसते.

फसवणुकीसाठी फेरफार

अमेरिकेत १९४३ मध्ये युद्धासाठी तांबे वाचविण्याच्या हेतूने एक सेंटचे नाणे जस्त चढविलेल्या पोलादाचे पाडण्यात आले. चुकून थोडी नाणी कांस्य चकत्यांवरही पडली व ती अत्यंत मौल्यवान ठरली. त्यामुळे पोलादी नाण्यांना तांब्याचा मुलामा देण्याचे प्रकार घडले. असे नाणे लोहचुंबकाला चिकटते. खरे कांस्य नाणे चिकटत नाही.

प्रतवारी

पीसीजीएस (स्थापना १९८६) व एनजीसी (स्थापना १९८७) या अमेरिकी प्रतवारी संस्था ७० अंकांच्या मापनश्रेणीवर नाण्यांना गुण देतात. साफ केलेल्या किंवा फेरफार झालेल्या अस्सल नाण्यास सामान्यतः अंक न देता ‘डिटेल्स’ असा शेरा व दोषाचे नाव दिले जाते. हलक्या साफसफाईबाबत मात्र परीक्षकांत मतभेद होऊ शकतात.

संवर्धन

उत्खननात मिळालेल्या नाण्यांवर मातीचा व क्षारांचा जाड थर असतो. तो काढल्याशिवाय नाणे ओळखताच येत नाही. म्हणून प्राचीन नाण्यांच्या बाबतीत तज्ज्ञाने केलेली सफाई मान्य आहे. क्लोराइडमुळे तांबे व कांस्य पोखरणारा फिकट हिरवा भुकटीसारखा रोग आढळल्यास उपचार आवश्यकच ठरतात. मऊ पीव्हीसी पाकिटांतून नाण्यावर उतरलेला चिकट हिरवट थर शुद्ध ॲसिटोनने काढतात, कारण ते धातूला न झिजवता तो विरघळविते. ॲसिटोन ज्वलनशील असल्याने हे काम हवेशीर जागी व आगीपासून दूर करतात. नंतर नाणे न पुसता तसेच सुकू देतात.