चोवीस स्तूपांचे वर्तुळ

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि जुन्या मध्य प्रदेशाचा हिंदी भाषक भाग एकत्र येऊन नवा मध्य प्रदेश झाला. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरचा राजधानीचा मान गेला आणि तो भोपाळकडे आला. ग्वाल्हेर, रीवा, रायपूर यांचा इतिहास वेगवेगळा. सगळ्यांना आपली वाटेल अशी खूण शोधणे सोपे नव्हते.

राज्याच्या बोधचिन्हात कोणत्याही राजघराण्याची निशाणी नाही. वर्तुळाच्या कडेने २४ स्तूपाकृती आहेत. आत अशोकस्तंभाचे सिंह, वड, गव्हाची ओंबी आणि भाताची लोंबी. गहू माळव्याचा, भात पूर्वेकडचा. वडाला पुढे राज्यवृक्षाचा मानही मिळाला.

स्तूपाची निवड सर्वांत नेमकी म्हणावी लागेल. सांची भोपाळपासून सुमारे ५० किलोमीटरवर, पूर्वीच्या भोपाळ संस्थानातच. पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांनी १९१२ ते १९१९ या काळात तेथील पडझड झालेले स्तूप सावरले. त्या कामाला भोपाळच्या तेव्हाच्या राज्यकर्त्या सुलतान जहाँ बेगम यांनी सढळ हाताने पैसा दिला. मुसलमान राज्यकर्तीने जपलेली बौद्ध वास्तू नव्या राज्याची ओळख ठरली, ही भोपाळने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. सांचीच्या अशोकस्तंभावरही सारनाथप्रमाणेच पाठीला पाठ लावलेले चार सिंह होते. ते शीर्ष आज तेथील संग्रहालयात पाहता येते.

अनेकांनी मिळून उभारलेल्या कामाला खूण हवी असते, हे पुढे मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातही दिसले. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीची खूण असलेला पेंग्विन १९९६ मध्ये लॅरी युइंग यांनी गिम्प या मुक्त चित्रप्रणालीत काढला. पेंग्विनचा संगणकाशी काही संबंध नाही, पण चित्रकाराचा आणि गिम्पचा उल्लेख करून तो कोणीही वापरावा, बदलावा अशी मुभा मिळाली आणि तो घरोघरी पोहोचला. सरकारी चिन्हाला अशी मोकळीक नसते. अशोकस्तंभाच्या सिंहांचा गैरवापर २००५ च्या कायद्याने दंडनीय आहे. त्यामुळे सरकारी चिन्हातला अर्थ निवडतानाच पक्का असावा लागतो.

भोपाळच्या निवडीची परीक्षा २००० साली झाली. छत्तीसगड वेगळे झाले आणि भातशेतीचा मोठा मुलूख त्याच्याकडे गेला. नव्या राज्याने नावाला धरून ३६ किल्ल्यांचे वर्तुळ घेतले आणि त्यात भाताच्या लोंब्याही ठेवल्या. मध्य प्रदेशाने मात्र आपली लोंबी काढली नाही. बालाघाटपासून रीव्यापर्यंत भात आजही पिकतो.