साल वाईट होतं, पण कुणाचं?

आपल्या पालघरच्या किनाऱ्यावर, दांडीसारख्या मच्छीमार गावात वर्षाला कॅलेंडरचा आकडा असतो, तशी एक ओळखही असते. अमुक साल पापलेटचं, तमुक साल वादळाचं. २००९ म्हटलं की फयान आठवतं. ११ नोव्हेंबरच्या त्या वादळानं कोकणपट्टीतले कित्येक मच्छीमार परत आले नाहीत. त्याच महिन्यातल्या अवकाळी पावसानं घाटापलीकडे नाशिकच्या द्राक्षबागाही झोडपल्या. समुद्र असो की मळा, आपण एका शब्दात निकाल देतो, साल वाईट गेलं.

असाच निकाल द्यायची रीत इटलीत तांबड्या वाईनच्या बाबतीत आहे. तस्कनी प्रांतात मोन्ताल्चिनो नावाचं डोंगरावरचं गाव आहे. तिथली ब्रुनेल्लो ही वाईन फक्त सांजोवेजे जातीच्या द्राक्षांची. तिथल्या उत्पादकांची संस्था अनेक वर्षं प्रत्येक हंगामाला एक ते पाच तारे देत असे. गंमत अशी, की हे तारे सुगीनंतर काही महिन्यांतच जाहीर होत. वाईन मात्र नियमाप्रमाणे सुगीनंतरच्या पाचव्या वर्षी बाजारात येते. म्हणजे मूल रांगायच्या आधीच मॅट्रिकचा निकाल!

मग साल पारखायचं कशावरून? पहिली साक्ष हवामानाची. वसंतात कोंब हिमकडाक्यानं जळले का, सप्टेंबरात द्राक्ष पिकताना पाऊस झाला का, दिवसा ऊन आणि रात्री गारवा मिळाला का. दुसरी साक्ष फळाची. साल जाड आहे का, बी तपकिरी झाली का, गोडीबरोबर आंबटपणा टिकला का. तिसरी साक्ष पेल्यातली. रंग, आंबटपणा, तुरटपणा यांचा तोल कसा आहे. आंबटपणा आणि तुरटपणा असेल तर वाईन वर्षानुवर्षं टिकते. नुसत्या उन्हानं पिकलेली वाईन लवकर थकते.

२००२ साली या तीन साक्षी एकमेकींशी जुळल्या नाहीत. उन्हाळाभर पाऊस झाला. वायव्येकडच्या बारोलो भागात सप्टेंबरच्या सुरुवातीला गारपीट झाली. मोन्ताल्चिनोत त्या सालाला दोनच तारे मिळाले. बारोलोत अनेकांनी आपली उंची वाईन बाटलीत भरलीच नाही. पण तिथल्या जाकोमो कॉन्तेर्नो घराण्याच्या सेर्रालुंगातल्या मळ्यात द्राक्षं बचावली होती. त्यांनी घाई केली नाही, हवा निवळू दिली आणि उशिरा तोडणी केली. त्यातून झालेली २००२ ची 'मोनफोर्तीनो' पुढे जाणकारांनी वाखाणली. सालाचा निकाल वाईट होता, मळ्याचा नव्हता.

याचा आपल्याशी संबंध काय? महाराष्ट्रानं २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. २००७ साली अकलूजला फ्रातेल्ली ही कंपनी सुरू झाली. अकलूजचे मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेक्की यांची ती भागीदारी. वाईन करायला तस्कनीतून पिएरो मासी आले आणि सोलापूरच्या मातीत सांजोवेजे रुजली.

जात तीच, पण पंचांग वेगळं. आपल्याकडे वेल हिमात झोपत नाही. एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी होते. वाईनच्या द्राक्षांची तोडणी हिवाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होते. तिकडे सप्टेंबरचा पाऊस घात करतो, इकडे फुलोऱ्यात आलेला ऑक्टोबर-नोव्हेंबरचा अवकाळी. त्यामुळे तस्कनीचे तारे आपल्या बाटलीला लावून चालणार नाही. कोणत्या मळ्यात कधी छाटणी झाली, पाऊस कधी पडला, तोडणी कधी झाली, ही नोंद आपली आपणच ठेवायला हवी. 'साल खराब' या एका शब्दावर भाव पडला, तर ज्यानं बाग राखली तोही शेतकरी मारला जातो.

किनाऱ्यावरचा जुना माणूस हे जाणतो. साल वाईट होतं असं कुणी म्हटलं, की तो एवढंच विचारतो, "कुठल्या होडीचं?"