शून्य सावलीच्या शहरातील ड जीवनसत्त्व

चेन्नईत सूर्य वर्षातून दोनदा, एप्रिलच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या मध्यास, थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. ऐन डिसेंबरातही मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५३ अंश उंच असतो. त्वचेत ड जीवनसत्त्व घडवणारे २९० ते ३१५ नॅनोमीटरचे अतिनील किरण येथे बारमाही उपलब्ध आहेत. तरीही वृद्धांच्या रक्ततपासणीत त्याची कमतरता वारंवार आढळते. या कोड्याचे निम्मे उत्तर शंभर वर्षांपूर्वी नाशिकात मिळाले होते.

मुडदूस हा ऊन न मिळाल्याचा विकार आहे, असे थिओबाल्ड पाम यांनी १८९० मध्येच सुचवले होते. १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील दिव्याने मुलांचा मुडदूस बरा करून दाखवला. मग उन्हाच्या देशात हा विकार नसावा, असा समज सहज झाला असता. १९२२ मध्ये हचिसन आणि शाह यांनी नाशिक परिसरातील अभ्यास प्रसिद्ध केला. मुडदूस आढळला तो पडदा पाळणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी घरांत! उघड्यावर राबणारी गरीब कुटुंबे, निकृष्ट आहार असूनही, त्यापासून बहुतांशी मुक्त होती. अक्षांशापेक्षा घराच्या भिंती निर्णायक ठरल्या. दिल्लीतील २००० सालच्या अभ्यासातही उन्हात वावरणारे सैनिक वगळता इतर निरोगी गटांत पातळी कमीच भरली.

उरलेले निम्मे उत्तर वयात आहे. वाढत्या वयात त्वचेतील ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल घटते. १९८५ मध्ये मॅकलॉफ्लिन व हॉलिक यांनी त्वचेच्या नमुन्यांवर दाखवले, की ऐंशीच्या आसपासची त्वचा तितक्याच किरणांत कोवळ्या त्वचेच्या निम्म्याहूनही कमी ड-पूर्वद्रव्य घडवते.

‘अमुक टक्के ज्येष्ठांत कमतरता’ ही बातमी वाचताना मात्र सीमारेषा कुठे आखली आहे, हे आधी पाहावे. २०११ मध्ये अमेरिकेतील एका संस्थेने मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम पुरेसे मानले, तर दुसरीने ३० चा आग्रह धरला. रक्त तेच राहते, टक्केवारी बदलते. २०२४ मध्ये त्या दुसऱ्या संस्थेने ३० चा आग्रह सोडला. ७५ वर्षांवरील व्यक्तींना मात्र चाचणीवाचूनही पूरक मात्रा सुचवली.

आमच्या इमारतीतील एक आजी रोज सकाळी सातला बंद खिडकीशी ‘ऊन घेत’ बसतात. काचेतून ऊब येते, हे किरण जवळजवळ येतच नाहीत. आणि त्या तिरप्या उन्हात ते मुळातच अत्यल्प असतात.