झोपेच्या गोळीची सकाळ

झोपेच्या गोळीचा इतिहास बहुतेक वेळा रात्रीच्या बाजूने सांगितला जातो. आम्ही तो सकाळच्या बाजूने सांगणार आहोत.

१९०३ साली जर्मनीत एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी ‘व्हेरोनाल’ पुढे आणले. बार्बिट्युरेट गटातले हे पहिले झोपेचे औषध. झोप लागे, पण औषध शरीराबाहेर पडायला फार वेळ घेई आणि दुसऱ्या दिवशीही गुंगी राही. शिवाय सवय लागे. मात्रा फार वाढली तर श्वसन मंदावून मृत्यू ओढवे. १९६० नंतर बेंझोडायझेपिन गटाची औषधे आली, तेव्हा हा शेवटचा धोका बराच कमी झाला. (दारूबरोबर घेतल्यास मात्र नाही!) सकाळचा प्रश्न तसाच राहिला. १९७० साली अमेरिकेत आलेल्या फ्लुराझेपामपासून शरीरात जो पदार्थ तयार होतो, त्याचे अर्धायुष्य दोन ते चार दिवसांचे. अर्धायुष्य म्हणजे रक्तातले औषध निम्मे व्हायला लागणारा काळ. किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या धड्यातलाच हिशेब. रोज गोळी घेणाऱ्याच्या रक्तात हा पदार्थ साठत जाई.

मग अर्धायुष्य लहान करायचे ठरले. ट्रायाझोलामने ते साधले, पण स्मरणशक्तीच्या व मानसिक त्रासाच्या तक्रारींमुळे ब्रिटनमध्ये १९९१ साली ते बंद झाले. १९९२च्या अखेरीस अमेरिकेत झोल्पिडेमला मान्यता मिळाली. त्याचे अर्धायुष्य सुमारे अडीच तास. वर्गात गणित घालून पाहा: आठ तासांत तीनाहून थोडी जास्त अर्धायुष्ये, म्हणजे उरला जेमतेम एक अष्टमांश. सकाळ मोकळी!

गणित बरोबर आहे, पण ते सरासरी माणसाचे. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आकडे जाहीर केले. १० मिलिग्रॅम घेतल्यावर आठ तासांनी सुमारे १५ टक्के स्त्रियांच्या आणि ३ टक्के पुरुषांच्या रक्तात दर मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅमहून अधिक औषध होते. एवढे औषध रक्तात असताना गाडी चालवली तर अपघाताचा संभव वाढतो. स्त्रियांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडते. म्हणून त्यांची मात्रा निम्मी, ५ मिलिग्रॅम, केली गेली. तोवर वीस वर्षे दोघांना एकच मात्रा सांगितली जात होती. आम्हाला सर्वांत खटकते ते वेगळेच: अशा माणसाला आपण पूर्ण जागे आहोत असे वाटू शकते. सकाळच्या शाळेला दुचाकीवरून जाणाऱ्या बाईंनी गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना हे विचारायलाच हवे. (गोळी आपल्या मनाने एकदम बंद करणेही बरे नव्हे.)

एप्रिल २०१९ मध्ये झोल्पिडेम आणि त्याच्यासारख्या आणखी दोन औषधांच्या माहितीपत्रकावर चौकटीतली ठळक सूचना आली. गोळी घेतलेली माणसे पुरती जागी नसताना चालत, स्वयंपाक करत, गाडीही चालवत. २६ वर्षांत गंभीर दुखापतीच्या ६६ घटना नोंदल्या गेल्या. त्यांपैकी २० जण दगावले. काही घटना पहिल्याच गोळीनंतरच्या होत्या. सकाळी त्यांतल्या बहुतेकांना रात्रीचे काहीच आठवत नसे.